मुळी चालत नसेल तर आधी खड्डा घ्या

औसा तालुक्यातल्या एका तरुण द्राक्ष बागायतदाराचा हा प्रश्न आहे. दोन एकर थॉम्पसन, डॉगरिज खुंटावर कलम केलेली, बाग १२ वर्षांची. जमीन मध्यम काळी. पांढरी मुळी, म्हणजे अन्नपाणी उचलणारी कोवळी मुळी, चालत (वाढत) नाही, गेले तीन हंगाम घड कमी आणि लहान निघतायत, खताचा खर्च मात्र दरवर्षी चढतोय. माती परीक्षणाच्या कागदावर सामू (पीएच) ८.३, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, चुनखडी १४ टक्के आणि स्फुरदापुढे ‘अत्यंत जास्त’ असा शेरा. खोदलं तर गांडूळ दिसत नाही. वर्षातून तीनदा रोटाव्हेटर आणि पावसाळ्यात एक टक्क्याच्या बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाच्या) चार फवारण्या होतात. खतांत डीएपी आणि वरून ०:५२:३४ हे स्फुरद-पालाशाचं विद्राव्य खत असतं. त्यांनी विचारलंय, “जमीन जिवंत करायला ड्रिपमधून कोणतं जैविक औषध सोडू?”

दादा, मी पंचवीस वर्षं धाराशिव जिल्ह्यात द्राक्ष करतो आणि आसपासच्या बागा बघायला जातो. माझं उत्तर सरळ आहे: या वर्षी कुठलीच बाटली आणू नका. तुमच्या बांधावरच्या बाभळीखालची मूठभर ओली माती उचलून नाकाला लावा. पहिल्या पावसाचा वास येईल. तो वास मातीतल्या ॲक्टिनोमायसिटीस जीवाणूंचा असतो. तेच रान, तोच पाऊस, तीच चुनखडी. बांधावर हे जीव सुखाने नांदतात आणि वीस पावलांवर बागेत टिकत नाहीत, तर बागेत आपल्या हातून काय होतंय ते आधी शोधलं पाहिजे. चूल थंड असताना पाहुण्यांना आवतण धाडून उपयोग नसतो. आधी मारणं थांबवू, मग खायला घालू. एवढं केलं की बहुतेक जीव बांधावरून आणि खालच्या थरातून स्वतःच परत येतात. हे मी माझ्या रानात बघितलंय.

सुरुवात खड्ड्याने करा. वाफसा असताना, खोडापासून दीड फुटावर, ड्रिपरच्या ओलीच्या कडेला दोन फूट लांब आणि तितकाच खोल खड्डा घ्या. कुदळीने भसाभस खोदू नका, एक बाजू खुरप्याने हळू साफ करा. वरचे चार-पाच इंच भुसभुशीत पीठ आणि त्याखाली थापलेल्या भाकरीसारखा आडवा, चिवट थर लागला तर तो रोटाव्हेटरच्या पात्यांचा आणि ट्रॅक्टरच्या चाकांचा. मुळ्या तिथपर्यंत येऊन आडव्या वळलेल्या दिसतील. तुमच्या बागेत हे दिसेल असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. मग एक ढेकूळ बागेतलं आणि एक बांधावरचं घ्या, सावलीत वाळवा आणि काचेच्या दोन ग्लासांत पाण्यात अलगद सोडा. बागेतलं पाच मिनिटांत विरघळून गाळ झालं आणि बांधावरचं तासभर टिकलं, तर माती धरून ठेवणारा चिकटा, म्हणजे बुरशीच्या तंतूंचा आणि जीवाणूंचा डिंक, बागेत उरलेला नाही.

गांडुळांचं म्हणाल तर तुम्ही केव्हा खोदलंत ते लिहिलेलं नाही. आपल्याकडचं रानातलं गांडूळ उन्हाळ्यात खोल जातं आणि गुंडाळी करून पडून राहतं. मेमध्ये ते दिसलं नाही म्हणून घाबरू नका. ऑगस्ट-सप्टेंबरात एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल माती गोणपाटावर काढून मोजा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळं आणून बागेत सोडू नका. ती शेणात आणि कुजणाऱ्या पाल्यात राहणारी जात आहे, आपल्या काळ्या रानात ती टिकत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, आणि तो खरड छाटणीचा आहे. एप्रिलमध्ये आपण बाग खरडतो, म्हणजे जुन्या काड्या आखूड छाटून नवी काडी तयार करतो; फळासाठीची छाटणी ऑक्टोबरात होते. ऊन चाळिशीच्या पुढे असतं आणि नेमकं त्याच महिन्यात आपण जमिनीवरचं छप्पर काढून टाकतो. उघड्या काळ्या मातीचा वरचा थर दुपारी पन्नाशीच्या पुढे तापतो, अनवाणी पाय ठेवून बघा. अशा तव्यावर वरच्या तीन-चार इंचांत काय जगेल? आणि बारीक, खाणारी मुळी तर ड्रिपमुळे वरच्याच फुटात असते. छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत डोळ्यांमध्ये सूक्ष्म घडनिर्मिती होते. तिच्यासाठी लागणारं सायटोकायनिन हे संजीवक मुख्यतः मुळीच्या कोवळ्या शेंड्यांत तयार होतं. मे महिन्यात पांढरी मुळी भाजली तर ऑक्टोबर छाटणीनंतर घड कुठून निघणार? त्या वेळी आपण काडीला दोष देतो, पेस्टिंगला (डोळे फुटावेत म्हणून काडीला लावायच्या औषधाला) दोष देतो, जीए हे संजीवक बदलून बघतो. घड पाच महिन्यांपूर्वी जमिनीतच गेलेला असतो. तुमच्या तीन हंगामांच्या तक्रारीचं मोठं कारण मला इथे दिसतं.

म्हणून पहिलं काम आच्छादन, आणि ते खरड छाटणीच्या आधी रानात हवं. लातूर-धाराशिव पट्ट्यात सोयाबीनच्या भुसकटाला तोटा नाही. उसाच्या पट्ट्यातून पाचट मिळतं, ते आजही बरेच जण पेटवून देतात. ओळीत खोडाच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट, दाबून बसल्यावर चार इंच राहील इतका थर द्या. खोडाला चिकटवू नका, चार बोटं मोकळी सोडा, नाहीतर खोडाशी ओल धरून साल कुजते आणि किडीला आसरा मिळतो. भुसकट आणि पाचट कुजताना जीवाणू सुरुवातीला मातीतलं नत्र ओढून घेतात, त्यामुळे पहिल्या वर्षी पानं थोडी फिकी पडू शकतात. त्यासाठी आच्छादनाखाली कुजलेल्या शेणखताचा पातळ थर अंथरा.

छाटणीच्या काड्याही जाळू नका. श्रेडर भाड्याने मिळत असेल तर तुकडे करून ओळीतच टाका. मात्र करपा लागलेल्या, पिठ्या ढेकूण चिकटलेल्या, खोडकिड्याने पोखरलेल्या काड्या वेगळ्या काढून बागेबाहेर नष्ट करा. इथे आळस केला तर पुढच्या पावसाळ्यात महागात पडतं.

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते वर्ष. माझं बोअर मार्चमध्येच आटलं. टँकरने वेलीमागे मोजून पाणी दिलं. मजूर कमी पडले म्हणून पाचट फक्त सहा ओळींना टाकून झालं होतं, बाकी बाग उघडी राहिली. पाणी दोन्हीकडे सारखंच. जूनमध्ये त्या सहा ओळींत फूट जोमदार होती, पाचट उचललं की खाली पांढऱ्या मुळ्या जाळीसारख्या वर आलेल्या दिसायच्या. उघड्या ओळींत चौथा हिस्सा वेली वाळल्या. त्या वेली मी काढल्या तेव्हा मुळ्या हातात काथ्यासारख्या तुटत होत्या. ते दृश्य मी विसरलेलो नाही, आणि त्यानंतर माझी जमीन उन्हाळ्यात एकदाही उघडी राहिलेली नाही.

दुसरं, रोटाव्हेटर बंद. पूर्ण बंद म्हणतोय मी. वेलीच्या मुळीला एक बुरशी लागते, मायकोरायझा. तिचे तंतू मुळीच्या केसांहून कितीतरी बारीक असतात आणि मुळी पोहोचत नाही तिथून स्फुरद आणि जस्त आणून देतात, बदल्यात वेलीची साखर खातात. रोटाव्हेटरचा प्रत्येक फेरा हे जाळं फाडतो, गांडुळांची बिळं बुजवतो आणि उघडी झालेली माती हवेशी मिसळून उरलासुरला कर्ब जाळतो. मधल्या पट्ट्यातलं तण ग्रास कटरने वीतभर ठेवून कापा आणि तिथेच पडू द्या. हराळी, कुंदा, लव्हाळा आणि गाजरगवत मात्र ठेवायचं नाही. ते खुरपून काढा, कारण त्यांच्याशी सलोखा करून कुणाचंच भलं झालेलं नाही. खालचा घट्ट थर फोडायचा असेल तर मेमध्ये जमीन कोरडी असताना, एक वर्षाआड, दोन ओळींच्या मधोमध एकच सरळ फेरा सबसॉयलरचा (खालचा थर फोडणाऱ्या औजाराचा) घ्या. ओल्या काळ्या रानात ब्लोअर (ट्रॅक्टरवरचा फवारणी पंप) घेऊन शिरणं ही दुसरी मोठी चूक. केवडा या रोगाची धास्ती असते, पाऊस थांबला की आपण लगेच ट्रॅक्टर घालतो. मधल्या पट्ट्यात गवताची मुळं असतील तर चाक कमी रुततं, तेवढा तरी आधार मिळतो.

स्फुरदाबद्दल तुमचा कागद स्पष्ट बोलतोय. ‘अत्यंत जास्त’ असताना तुम्ही डीएपीही टाकताय आणि वरून ०:५२:३४ सोडताय. चुनखडीच्या जमिनीत टाकलेला स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो आणि साठत राहतो. साठा वाढला की दोन गोष्टी होतात. वेलीला मायकोरायझाची गरज वाटेनाशी होते, तिला साखर देणं ती कमी करते आणि बुरशी मागे हटते. शिवाय जस्त आणि लोहाची उचल अडते, पानं पिवळी पडतात, मग आपण चिलेटेड लोह विकत आणतो. दोन वर्षं जमिनीतून स्फुरद पूर्ण थांबवा. घड लागायच्या वेळी पानाच्या देठाचं परीक्षण करून घ्या. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींत देठ परीक्षणाला महत्त्व आहे ते याचसाठी, कारण जमिनीत काय आहे आणि वेलीने काय उचललं यांत फार अंतर असतं. कमी दिसलं तर फवारणीतून द्या.

नत्राचंही तसंच आहे. खरड छाटणीनंतर युरिया जास्त गेला की शेंडा पळतो, मग तो आवरायला वाढरोधकं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली, कित्येक बागायतदार त्यात बुडाले. त्या गोष्टीची एक सुरुवात नत्राच्या गोणीत होती असं मी आजही मानतो.

आता बोर्डो. मोरचूद आणि चुन्याचं हे मिश्रण १८८५ च्या सुमारास फ्रान्समधल्या बोर्दो भागात मिलार्दे यांनी केवड्यावर पुढे आणलं आणि आजही त्याला तोड नाही. पण तांबं कुजत नाही, उडत नाही. पडतं तिथे राहतं, वरच्या सहा इंचांत. हिशेब करा: मोरचुदात साधारण पाव हिस्सा तांबं असतं. एक टक्क्याचं ४०० लिटर म्हणजे एकरी चार किलो मोरचूद, म्हणजे एक किलो तांबं. तुमच्या चार फवारण्या म्हणजे वर्षाला एकरी चार किलो, बारा वर्षांत ४८ किलो. युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी मर्यादा घातली. ती एकरावर आणली तर वर्षाला १.६ किलो होते. तुम्ही तिच्या अडीचपट आहात. आपल्या चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत तांबं आम्लधर्मी जमिनीइतकं मोकळं नसतं, त्यामुळे वेलीवर लगेच परिणाम दिसत नाही. गांडुळांना आणि बुरशींना मात्र ते हळूहळू बाधतं. ट्रायकोडर्मा हे जैविक औषध तर बुरशीच आहे. बोर्डोची आळवणी करायची (मुळाशी ओतायचं) आणि आठवड्याने ट्रायकोडर्मा सोडायचा, यात दोन्हींचे पैसे जातात. आळवणी बंद करा. पावसाळ्यात अर्धा टक्का बोर्डो बऱ्याच वेळा पुरतो, आणि पानावरून पाणी ठिबकेपर्यंत मारायची गरज नसते. बगल फुटी (पानांच्या बेचक्यातल्या फुटी) वेळेवर काढून हवा खेळती ठेवली तर एखादी फवारणी वाचतेच.

पिठ्या ढेकणासाठी इमिडाक्लोप्रिडची आळवणी करत असाल तर तीही थांबवा. ते गांडुळांना फार घातक आहे. ढेकणाला मुंग्या तोंडात धरून इकडून तिकडे नेतात. एप्रिलमध्ये खोडाची सैल साल काढली, ओलांडे (वेलीचे आडवे हात) घासून धुतले आणि मुंग्यांचा बंदोबस्त केला तर निम्मं काम होतं. त्यानंतर क्रिप्टोलीमस हा मित्रभुंगेरा सोडून बघा. तो सोडल्यावर महिनाभर जालीम कीटकनाशक नको, एवढं पथ्य पाळावं लागतं.

पावसाळा हा जमिनीला खाऊ घालायचा हंगाम. जूनच्या चांगल्या पावसावर मधल्या पट्ट्यात ताग पेरा. फुलावर येताना, पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी कापून ओळीत आच्छादनावर टाका. गाडायची गरज नाही. ताग कंबरेच्या वर जाऊ देऊ नका, बागेत दमट कोंडी झाली की केवडा येतो. तुमच्या मुळ्यांवर सूत्रकृमीच्या (मुळांत राहणाऱ्या सूक्ष्म कृमीच्या) गाठी असतील तर चवळी पेरू नका, सूत्रकृमी तिच्यावर पोसतो. तागावर तो वाढत नाही. बांधावर गिरिपुष्प लावून ठेवा. त्याचा पाला नत्राने भरलेला असतो आणि मराठवाड्याच्या उन्हात ते तग धरतं. शेणखत दरवर्षी महाग होत जाणार आहे, कारण गोठेच रिकामे होतायत. बांधावरचा पाला आपल्या हातचा असतो.

२०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस कसा कोसळला ते तुम्ही बघितलंय. नदीकाठची रानं खरवडून गेली, तिथे गवताचं काही चालत नाही. पण उतारावरच्या बागांत ज्यांच्या मधल्या पट्ट्यात गवत किंवा ताग होता, त्यांची माती जागेवर राहिली. रोटाव्हेटर मारलेल्या पट्ट्यांत चाऱ्या पडल्या. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत कधी गेलात तर तिथला क्रम लक्ष देऊन बघा: आधी इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने बांधबंदिस्ती झाली, मग शेततळी आणि द्राक्षबागा वाढल्या. आपण बऱ्याच ठिकाणी उलट केलं, आधी बाग लावली आणि मग पाणी शोधत बसलो.

पाण्याबद्दल एकच सांगतो. बोअरच्या पाण्याची ईसी, म्हणजे क्षारांचं प्रमाण दाखवणारी विद्युत वाहकता, तपासून घ्या. द्राक्षाला मातीच्या संपृक्त अर्काची ईसी १.५ डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की उत्पादन घटायला लागतं. ड्रिपच्या ओलीच्या कडेला क्षारांचं पांढरं कडं दिसत असेल तर पावसाळ्यात पहिल्या मोठ्या पावसातही ड्रिप चालू ठेवा, म्हणजे ते क्षार मुळीकडे न सरकता खाली जातील. सामू कमी करण्याच्या नादाला लागू नका. तुमच्या १४ टक्के चुनखडीचा हिशेब केला तर एकरातल्या वरच्या अर्ध्या फुटात १२० टनांच्या आसपास चुना आहे. तो संपवायला ३८ टनांच्या घरात गंधक लागेल. ५० किलोच्या पोत्याने मुळीजवळ थोडा भाग सुधारतो, तेवढाच. गंधकाचं आम्लही जीवाणूच करतात, कोरड्या उघड्या मातीत गंधक तसंच पडून राहतं.

जीवामृत आणि ट्रायकोडर्माबद्दल विचाराल, म्हणून लिहितो. आच्छादन आहे, ओल आहे, तर ते टाका. विरजणासारखं काम करतं. दूधच नसेल तर विरजण कशाला लावणार? ट्रायकोडर्मा शेणखतात मुरवून, सावलीत आठ-दहा दिवस ओलं ठेवून मग ओळीत दिला तर बाटलीतून थेट सोडण्यापेक्षा कितीतरी चांगला टिकतो.

कर्बाबाबत धीर धरा. एकराच्या वरच्या अर्ध्या फुटात साडेआठ-नऊ लाख किलो माती असते. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे जवळपास ९०० किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. दहा टन शेणखतात ओल वजा जाता सव्वा-दीड टन कर्ब असतो आणि आपल्या उन्हात त्यातला बहुतेक उडून जातो. माझ्या अंदाजाने ०.१ टक्का चढायला तीन-चार वर्षं लागतात. कुणी सहा महिन्यांत ०.३८ चा ०.८ करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. कर्बाचा आकडा हलण्याच्या खूप आधी ग्लासातलं ढेकूळ जास्त वेळ टिकायला लागतं आणि ऑगस्टच्या खड्ड्यात दोन-चार गांडुळं दिसतात. तेच मोजत राहा.

सगळी बाग एकदम बदलू नका. बँकेचा हप्ता तुमचा आहे, सल्ला देणाऱ्याचा नाही. येत्या खरड छाटणीपूर्वी अर्ध्या एकरात हे सगळं करा, आणि त्याला लागून दोन ओळी मुद्दाम जुन्याच पद्धतीने ठेवा. पाणी आणि फवारणी दोन्हीकडे सारखी. छाटणीनंतर पन्नासाव्या दिवशी दोन्हीकडे एक-एक खड्डा घ्या, मूठभर मुळ्या धुवून ओल्या फडक्यावर शेजारी-शेजारी ठेवा आणि घरातल्या जाणत्या माणसाला दाखवा. पांढरी कोणती आणि तपकिरी कोणती हे त्यांना विचारा. ऑक्टोबर छाटणीनंतर घड मोजायला त्याच वेलींकडे जा.